वडिलांच्या निगेटिव्ह आणि एक ट्रेसिंग पॅड

भंगारवाल्यांना जुन्या एक्स-रे फिल्म हव्या असतात, कारण त्यांतून चांदी निघते. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हमध्येही तीच चांदी असते. निगेटिव्हचा काळा दिसणारा भाग म्हणजे जिलेटिनच्या थरात बसलेले चांदीचे बारीक कण. त्यामुळे काटेवाडीतल्या आमच्या घरी वडिलांच्या निगेटिव्हची खोकी माळ्यावरून खाली उतरली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक भंगारवालाच होता. वजनावर भाव, पैसे रोख. रंगीत निगेटिव्ह मात्र त्यानं हातानं बाजूला सारल्या. रंगीत फिल्म धुताना चांदी काढून टाकतात आणि मागं फक्त रंग उरतात, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

खोकी दिली नाहीत. पण ती घरात ठेवून तरी काय करायचं, हा प्रश्न होताच. वडिलांचा फोटोचा धंदा. भवानीनगरच्या रस्त्याला छोटं दुकान, मागं पडदा लावून केलेली डार्करूम. छत्रपती साखर कारखान्याच्या कामगारांचे पासपोर्ट साइझ, शाळेचे ग्रुप फोटो, बारशी, लग्नं, मुलगी दाखवायचे फोटो, नवीन घेतलेली बैलजोडी, कधी मयताचा फोटो. कॅमेरा याशिकाचा, दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा. त्यात 120 नंबरचा रोल बसायचा आणि एका रोलात बारा चौकोनी फोटो निघायचे. बऱ्याच रोलांच्या कडेला ‘इंदू’ हे नाव आहे. ही सरकारी फिल्म. तमिळनाडूत उटीला 1960 मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना स्थापन झाला, 1967 पासून माल निघू लागला आणि खेड्यापाड्यांतल्या फोटोग्राफरांचा धंदा बराचसा त्यावर चालला. पुढं रंगीत आलं, 35 मिलिमीटरच्या छत्तीस फोटोंच्या पट्ट्या आल्या, रोल धुवायला पुण्याला जाऊ लागला आणि डार्करूममध्ये कांद्याची पोती आली.

कुणी विचारेल, घरोघरी अल्बम आहेत, मग निगेटिव्हच्या मागं कशाला लागायचं? एक तर गिऱ्हाइकानं सगळ्या फोटोंच्या कॉप्या कधीच घेतल्या नव्हत्या. लग्नाचे तीन रोल काढले तर पैशाच्या मानानं वीसएक कॉप्या व्हायच्या, बाकीचे फोटो निगेटिव्हमध्येच राहायचे. दुसरं म्हणजे कॉपी काढताना वडील कडा कापायचे. नवरानवरी मधे आली की झालं. निगेटिव्हमध्ये मात्र त्यांच्या बाजूचा मांडवाचा खांब, भिंतीवरची कारखान्याच्या निवडणुकीची अक्षरं, उखळावर बसलेली म्हातारी, उघड्या अंगाची पोरं असं सगळं शिल्लक आहे. आणि तिसरं, कॉपीच्या कागदावर जेवढं उतरतं त्यापेक्षा निगेटिव्हमध्ये जास्त असतं. त्याचं उदाहरण पुढं येईल.

यंत्राआधी निवड करायची. हे मी ठासून सांगतो, कारण लोक आधी स्कॅनरचे भाव विचारतात. प्रत्येक निगेटिव्ह उत्तम दर्जात उतरवायची ठरवली तर माणूस आठ दिवसांत कंटाळतो आणि खोकं परत माळ्यावर जातं. निवडीसाठी फुकटचं साधन खिशातच आहे. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या भागात रंग उलटे करण्याची सोय असते, आयफोनमध्येही आहे. ती चालू करायची, कॅमेरा उघडायचा आणि मागून पांढरा उजेड असलेल्या निगेटिव्हवर धरायचा. पडद्यावर सरळ फोटो दिसतो. साठवला जात नाही, नुसता दिसतो. पण निवडायला तेवढं पुरतं.

आमच्याकडं हे काम आईच्या शेजारी बसून झालं. तिचे डोळे अधू झालेत, पण मोबाइलवर चेहरा मोठा करून दाखवला की ओळख पटते. एका फोटोवर मी म्हणालो, “आई, हे आपल्या वरच्या आळीचे तात्या ना?” तिनं मोबाइल जवळ घेतला. “आरं न्हाय. ह्यो लासुर्ण्याचा पाव्हणा. आपल्यात पटका असा बांधत्यात व्हय?” चेहऱ्याआधी तिनं पटका ओळखला होता. हे ओळखणारी माणसं गेली की कितीही मेगापिक्सेल असले तरी फोटोत नुसता ‘एक इसम’ उरतो. म्हणून माझ्या मते सर्वांत आधी खर्च करायचा तो वेळ, आणि तोही घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून. मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करत गेलो आणि प्रत्येक निगेटिव्हचा नंबर तोंडानं सांगत गेलो. वहीत लिहायला थांबलो असतो तर तिची लय तुटली असती.

निवडीत एका गोष्टीला पहिला नंबर द्यायचा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्या फिल्म आधी उतरवायच्या. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्णता आणि दमट हवेत कुजायला लागली की त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, तोच हा वास. एकदा सुरू झालं की ते थांबत नाही आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागतं. फिल्म आकसते, वेडीवाकडी होते, वरचा थर सुरकुततो. असा डबा वेगळा ठेवायचा. नायट्रेटची फिल्म पेट घेते, हे खरं. जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट चित्रपटांच्या साठ्याला लागलेल्या आगीत आपल्या सिनेमाचा मोठा ठेवा गेला. पण घरगुती कॅमेऱ्यातल्या आणि 1950 च्या दशकानंतरच्या फिल्मबाबत ती भीती सहसा नसते. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं असतं, ते त्यासाठीच.

आता साधनं. निगेटिव्ह उतरवायची म्हणजे तिच्या मागून एकसारखा पांढरा उजेड सोडायचा आणि पुढून तिचा अगदी समोरासमोर फोटो काढायचा. उजेडासाठी मी पोरांचं चित्रं गिरवायचं एलईडी ट्रेसिंग पॅड घेतलं. ए-फोर आकाराचं, हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतं, मोबाइलच्या चार्जरवर चालतं. ते नसेल तर टॅब्लेटचा पांढरा पडदाही चालतो. मात्र निगेटिव्ह थेट पडद्यावर ठेवली तर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. मधे दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घालून निगेटिव्ह दोन-तीन सेंटिमीटर वर उचलायची, म्हणजे ठिपके विरघळतात. असा तुकडा दुकानाच्या पाट्या करणाऱ्यांकडं कापून उरलेल्या मालात मिळतो.

पॅडचा बाकीचा उजेड झाकणं फार महत्त्वाचं. निगेटिव्हच्या भोवतीनं उजेड सुटला की तो भिंगात घुसतो आणि फोटो फिका, धुरकट येतो. मी वडिलांच्या फोटो पेपरच्या पाकिटातला काळा कागद काढला. पेपरला उजेड लागू नये म्हणून त्यात गुंडाळलेला असायचा, तो. त्यात निगेटिव्हच्या मापाची खिडकी कापली. वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वीची रिकामी पाकिटंही टाकली नव्हती, याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. खोलीतला दिवा बंद, खिडकीला चादर.

पुढची अडचण कॅमेरा स्थिर आणि सरळ धरण्याची. यासाठी बाजारात कॉपी स्टँड मिळतात. पण जुन्या स्टुडिओत त्याहून भक्कम वस्तू गंजत पडलेली असते, ती म्हणजे एन्लार्जर. फोटो मोठा करायचं हे यंत्र म्हणजे जाड लाकडी पाट, त्यावर उभा लोखंडी खांब आणि खांबावर चाक फिरवून वर-खाली होणारं डोकं. दिवा आणि भिंग असलेलं डोकं काढलं, तिथं मोबाइल पकडायचा चिमटा बसवला, पाटावर ट्रेसिंग पॅड ठेवलं. चाक फिरवलं की मोबाइल हवा तेवढा वर-खाली. एन्लार्जरची निगेटिव्ह धरायची चौकटही कामाला येते. फिल्म सपाट राहते आणि काचेला चिकटत नाही. फिल्म काचेला चिकटली की पाण्यावर सांडलेल्या तेलासारखी रंगीत वर्तुळं फोटोत उमटतात. घरात एन्लार्जर नसेल तर बिस्किटाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला वरून भोक पाडून मोबाइल त्यावर पालथा ठेवला तरी भागतं. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का, हे पाहायची युक्ती सोपी आहे. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि आरशात आपलंच भिंग पडद्याच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत हलवायचं.

मोबाइल पुरेल का? चौकोनी मोठ्या निगेटिव्हला पुरतो. सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हचा बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलनं काढलेला फोटो आठ बाय दहा इंचापर्यंत छापायला चांगला येतो. छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरले, तर आठ बाय दहाला सातएक मेगापिक्सेल लागतात, एवढाच हिशेब. निगेटिव्ह चौकोनी असली की मोबाइलच्या आडव्या फोटोतला बराच भाग बाजूला जातो, तरीही भागतं. फक्त ‘मॅक्रो’ नावाच्या बटणापासून लांब राहा. बऱ्याच स्वस्त मोबाइलमध्ये त्या भिंगामागं दोनच मेगापिक्सेल असतात. मुख्य कॅमेराच वापरायचा, थोडा लांबून, बोट न लावता दोन सेकंदांच्या टायमरवर.

35 मिलिमीटरच्या पट्ट्यांना मात्र मोबाइल कमी पडतो. ती निगेटिव्ह फक्त 24 बाय 36 मिलिमीटरची. एवढ्या जवळ जायला मॅक्रो भिंग हवं. ते विकत घेऊ नका. आपल्या भागातला प्रत्येक लग्नाचा फोटोग्राफर अंगठी आणि मंगळसूत्राचे जवळून फोटो काढायला मॅक्रो भिंग बाळगतो. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्याच्या हाताला काम कमी असतं. मी तेव्हाच एका पोराकडून कॅमेरा आणि भिंग दोन्ही मागून आणले, भाडं दिलं, वर त्याला एन्लार्जर कसा चालायचा ते दाखवलं. आयएसओ शंभर, अ‍ॅपर्चर आठ, फाइल रॉ. ट्रेसिंग पॅड पूर्ण उजेडावर ठेवायचं आणि शटर जरा संथ ठेवायचं, नाहीतर स्वस्त एलईडीच्या फडफडीमुळं फोटोत आडवे पट्टे येतात.

एक विसरू नका, निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडं हवी, नाहीतर फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. माणसाच्या चेहऱ्यावरून ते लवकर कळत नाही. दुकानाची पाटी असेल तर प्रश्नच नाही. पाटी नसेल तर बायकांचा पदर बघा. फोटोत सगळ्यांचा पदर उजव्या खांद्यावर दिसू लागला, तर बायका चुकलेल्या नाहीत.

ऑफिसातल्या स्कॅनरवर निगेटिव्ह ठेवून बघणारे पुष्कळ असतात. त्यात ती काळी येते, कारण साध्या स्कॅनरचा दिवाही खाली आणि डोळाही खाली. झाकणातून उजेड सोडणारा स्कॅनर वेगळा. एप्सनचा व्ही-600 हा त्यातला प्रसिद्ध. किंमत वीस हजारांच्या वर. डब्यावर 6400 डीपीआय लिहिलेलं असतं. खरी बारकाई त्याच्या चौथाईच्या आसपास मिळते. म्हणून 35 मिलिमीटरला तो जेमतेम, मोठ्या निगेटिव्हला झकास. धूळ आपोआप पुसणारी त्याची सोय रंगीत फिल्मवरच चालते. ती इन्फ्रारेड उजेडानं धूळ शोधते आणि ब्लॅक अँड व्हाइटमधली चांदी त्या उजेडाला धुळीसारखीच अडवते. चार घरांनी मिळून घेतला आणि काम संपल्यावर विकला तर परवडतो. चार-पाच हजारांच्या डबीसारख्या ‘फिल्म स्कॅनर’बद्दल काय सांगावं? आत एक लहान कॅमेराच असतो, फाइल फक्त जेपीजी, बहुतेकांत मोठी निगेटिव्ह बसतच नाही. भाच्याच्या लग्नाचा एखादा रोल बघायला ठीक.

बाहेरून करून घ्यायचं असेल तर भावाआधी तीन गोष्टी विचारा: फाइल किती पिक्सेलची, टिफ देणार की जेपीजी, आणि निगेटिव्ह परत कशा मिळणार. पुण्यातल्या एका दुकानानं आमच्या ओळखीच्या कुटुंबाला अख्ख्या रोलाच्या फाइल सीडीवर दिल्या. उघडल्या तर पोस्टकार्डाच्या वर छापता येईना आणि पट्ट्या मधेच कापलेल्या.

सरळ फोटो करायचा भाग वाटतो तेवढा अवघड नाही. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये कर्व्ह नावाची तिरपी रेघ असते. तिचं डावं टोक वर आणि उजवं टोक खाली ओढलं की निगेटिव्हचा फोटो होतो. संगणकावर गिंप फुकट आहे. रंगीत निगेटिव्हला त्रास होतो, कारण तिच्या फिल्मवरच नारिंगी झाक असते. नुसतं उलटं केलं की सगळी वरात निळीशार होते. त्यासाठी डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘नेगाडॉक्टर’ नावाची सोय आहे: दोन फोटोंच्या मधली कोरी नारिंगी पट्टी तिला दाखवायची आणि हीच मूळ झाक समज, असं सांगायचं. म्हणून फोटो काढताना ती कोरी कड थोडी तरी आत येऊ द्यायची. मूळ निगेटिव्हची फाइलही जपून ठेवायची. उद्या याहून चांगलं सॉफ्टवेअर आलं तर पुन्हा पहिल्यापासून करता येतं.

निगेटिव्हमध्ये जास्त असतं म्हणालो, त्याचं उदाहरण आता सांगतो. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडं निघते तेव्हा वाटेत काटेवाडीत थांबते. परीट समाज पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतो आणि रथाभोवती मेंढ्यांचं गोल रिंगण होतं. वडील दर वर्षी त्याचा एक रोल काढायचे. भर उन्हातली पांढरी धोतरं, त्यामुळं निगेटिव्हमध्ये पायघड्यांच्या जागी ठार काळा पट्टा आणि कॉपीत नुसता कोरा पांढरा कागद. त्यांच्या पेपरला एवढा फरक झेपायचा नाही. मी त्याच निगेटिव्हचे तीन फोटो घेतले: एक नेहमीचा, एक जास्त उजेडाचा, एक खूपच जास्त. तिसऱ्यात तो काळा पट्टा उघडला. धोतरांच्या घड्या दिसल्या, एकावर एक घातलेली टोकं दिसली, धुळीची पावलं उमटलेली दिसली आणि पुढचं धोतर अंथरायला वाकलेल्या एका माणसाचे दोन्ही हात दिसले. वडिलांनी ते टिपलं होतं. त्यांच्या स्वतःच्या नजरेस ते कधी पडलं नसणार. तीन फाइल एकत्र करायची सोय गिंपमध्येही आहे. मेंढ्या मात्र सगळ्या हललेल्या. त्यांना कुठलंच सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही.

याउलट काही निगेटिव्ह इतक्या जवळून बघितल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. मुलगी दाखवायच्या फोटोंत गालांवर बारीक राखाडी रेघोट्या दिसू लागल्या. धूळ समजून पुसायला हात गेला होता, पण आई म्हणाली, “तुझ्या बाचं पेन्शिलीचं काम हाय त्ये.” देवीचे व्रण. चेहऱ्यावरचा खड्डा निगेटिव्हमध्ये स्वच्छ, पारदर्शक ठिपका म्हणून येतो आणि कॉपीत काळा उठतो. टोकदार पेन्सिलीनं तो ठिपका भरला की कॉपीत तेवढी जागा उजळते आणि गाल साफ दिसतो. भिंगाखाली, एकेक व्रण. आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, पण व्रण असलेल्या मुली त्यानंतरही कित्येक वर्षं लग्नाच्या होत्या. आता फाइल मोठी केली की पेन्सिलही दिसते आणि पेन्सिलीखालचे खड्डेही. मी त्या रेघोट्या तशाच ठेवल्या. कॉपी देताना मात्र फोटो लहान देतो, तेवढ्या आकारात वडिलांचं काम अजून लागू पडतं. त्या बाईंनी ज्या रूपासाठी पैसे मोजले होते, ते रूप त्यांचं आहे.

म्हणूनच साफसफाई बेतानं करायची. मंद बाजूला कापड, स्पिरिट, काहीही लावायचं नाही. पेन्सिल तर जातेच, थरही ओरबाडतो. धूळ रबरी फुग्यानं उडवायची. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे कायमचे बसतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आली असेल तर पाणी अजिबात नको, कारण बुरशीनं कुरतडलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. आहे तशी उतरवायची आणि कोरड्या जागी ठेवायची. गुंडाळी झालेली फिल्म दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवली की बऱ्यापैकी सरळ होते. काम झाल्यावर निगेटिव्ह फेकू नका. पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा; आमच्याकडं मे महिन्यात तिथं हात ठेववत नाही. खालच्या खोलीतलं लाकडी कपाट, प्रत्येक पट्टी कागदी पाकिटात, प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्या नकोत.

फाइलींचं जतन हे वेगळंच दुखणं आहे. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक पुण्यातल्या भावाकडं. गूगलची फुकट जागा पंधरा जीबीची, ती मोठ्या फाइलींना पुरत नाही. निवडक फोटो तिथं. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो चुरगळतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. फाइलचं नाव वर्ष, गाव, प्रसंग, नंबर या क्रमानं ठेवायचं. वर्ष ठाऊक नसेल तर दशक लिहावं.

आणि हे फोटो कुणाचे? आमच्या खोक्यातले बहुतेक फोटो आमच्या घरचे नाहीतच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो लग्नघराचे, निगेटिव्ह आमच्या कपाटात असली तरी. त्यामुळं मी काहीही फेसबुकवर टाकत नाही. ज्या घरचा फोटो त्या घरी नेऊन देतो आणि पुढं वापरायचा तर विचारतो. कुणी हसून हो म्हणतं. एका घरात गेलेल्या सुनेचा फोटो बघून सासूबाईंनी तो परत माझ्या हातात दिला, “घिऊन जा बाबा.” तीही परवानगीच, नाही म्हणायची.

अशा स्टुडिओंच्या निगेटिव्ह इतरत्र अभ्यासाचा विषय झाल्या आहेत. मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या सुहाग स्टुडिओतल्या सुरेश पंजाबी यांच्या निगेटिव्हवर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी काम केलं आणि 2013 मध्ये त्याचं पुस्तक आलं. तमिळनाडूतल्या जुन्या स्टुडिओंचे फोटो पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनं ब्रिटिश लायब्ररीच्या एका योजनेतून उतरवले. धोक्यात आलेल्या दप्तरांसाठीची ही योजना 2004 पासून चालू आहे. आपल्याकडं इंदापूर तालुक्यात याची गरज तर जास्तच. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर धरणातलं पाणी उतरलं की वर येतं आणि पेपरात त्याचा फोटो छापून येतो. पण त्या गावचं घर, दार, वेस, बाजार वर येत नाही. तिथून उठलेल्या एखाद्या घरात, बारशाच्या किंवा वरातीच्या निगेटिव्हच्या कडेला, मांडवाच्या पलीकडं, ते असण्याची शक्यता आहे. तिकडच्या वाचकांपैकी कुणाकडं असं पाकीट असेल तर एक ट्रेसिंग पॅड आणि एक रविवार एवढा खर्च करून बघावा.

काटेवाडीतल्या पालखीच्या रोलांमधल्या बऱ्याच चेहऱ्यांना अजून नाव नाही. आईला ओळखू आले ते झाले. यंदा पालखी यायच्या आधी त्या फोटोंच्या मोठ्या कॉप्या काढून चावडीत लावायच्या, प्रत्येकाखाली नाव लिहायला कोरी पट्टी ठेवायची, असं आम्ही ठरवलंय. पेन मात्र दोरीनं बांधावं लागेल, नाहीतर पहिल्याच दिवशी जाईल.